ग्वाल्हेरचा पहिला हिवाळा: घर आणि गाडी कशी तयार ठेवायची

पुण्या-मुंबईहून बदलीवर किंवा शिकायला ग्वाल्हेरला येणाऱ्याला सगळे मे महिन्याची भीती घालतात. डिसेंबर-जानेवारीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. इथे जानेवारीतल्या पहाटे पारा 5 अंशांखाली गेला तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही, आणि धुक्याच्या दिवसांत दुपारीही अंगातलं स्वेटर उतरत नाही. घरं बांधलेली असतात ती उन्हाळ्याच्या हिशेबाने: उंच छत, दगडी फरशी, हवा खेळती राहील अशा खिडक्या. त्यामुळे बाहेरची थंडी घरात येते आणि घरातच राहते.

त्या थंडीने धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते थंडीवर केलेल्या उपायांनी: बंद खोलीत ठेवलेल्या शेगडीने, दिव्याच्या वायरीवर चालवलेल्या हीटरने, धुक्यात वेळ गाठायच्या घाईने. म्हणून खालचा क्रम सोयीनुसार नाही, धोक्यानुसार लावला आहे. कामांची वेळ साधारण अशी धरा: विजेची आणि गीझरची कामं दसरा-दिवाळीच्या मध्ये, गाडीची दत्तजयंतीच्या आत. त्यानंतर संक्रांत उलटून जाईपर्यंत धुक्याचे दिवस. इलेक्ट्रिशियन ऑक्टोबरात बोलावल्या दिवशी येतो. पहिली शीतलहर आल्यावर त्याचीच वाट बघत थंड पाण्याने आंघोळ करावी लागते.

आधी वायरिंग, मग गीझर आणि हीटर

भाड्याने घेतलेलं घर शहराच्या लष्कर भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यातलं असेल तर हा भाग दोनदा वाचा. अशा घरांतलं वायरिंग पंखे-दिव्यांच्या जमान्यातलं असतं, बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात आणि अर्थिंगची तार कित्येकदा कुठेच पोचलेली नसते.

हिशेब सोपा आहे. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो. साधा छोटा प्लग 6 अँपिअरचा असतो. 2000 वॉटचा ब्लोअर तेवढाच ओढतो. दोन्ही एकदम चालले की 4 किलोवॉट झाले. आता वीजबिल काढून त्यावर छापलेला मंजूर भार बघा. तो 1 किंवा 2 किलोवॉट असेल तर घरमालकाशी बोलून वाढवून घ्या, नाहीतर गीझर आणि हीटर एका वेळी लावायचे नाहीत, हा घरातला नियम करा.

इलेक्ट्रिशियनकडून ही कामं याच क्रमाने करून घ्या:

1. गीझरसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन. तांब्याची 2.5 चौरस मिमी वायर आणि 16 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका). स्वयंपाकघरात 3000 वॉटचा इन्स्टंट गीझर असेल तर तो 13 अँपिअर खातो. त्याला 4 चौरस मिमी वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी.

2. 16 अँपिअरचं सॉकेट, म्हणजे मोठ्या पिनांचा पॉवर प्लग. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारा अडॅप्टर घरात असेल तर तो फेकून द्या. ज्या कारणासाठी दोन मापं वेगळी ठेवली आहेत, तेच कारण हा अडॅप्टर निकालात काढतो.

3. अर्थिंग तपासणं. फेज आणि अर्थ यांच्यात मीटरने जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसायला हवं. तेवढ्यावर थांबू नका. त्याच दोन टोकांना 100 वॉटचा बल्ब लावायला सांगा, तो नेहमीसारखा लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंग नावालाच आहे. आरसीसीबी (करंट गळला की पडणारा खटका) बसवलेला असेल तर या चाचणीत तो पडेल. तो पडायलाच हवा.

4. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. ओल्या अंगाने करंट लागला तर एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो बदलायचा.

किटकॅट असेल तर एक गोष्ट स्वतः बघा: आतली तार किती जाड आहे. वारंवार फ्यूज उडतो म्हणून कुणीतरी कधीतरी तिथे वायरीचेच दोन-तीन पदर पिळून बसवलेले असतात. असा फ्यूज उडत नाही, त्याऐवजी भिंतीतली वायर पेटते.

सगळं बसवून झालं की गीझर 20 मिनिटं चालवा. एमसीबी बंद करा, पिन बाहेर काढा आणि तिला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, सॉकेटाच्या भोकांभोवती तपकिरी डाग पडला असेल किंवा जळक्या माशासारखा वास येत असेल तर आत कनेक्शन सैल आहे. सैल जोडावर रोध वाढतो, रोधाने तापमान वाढतं आणि तापून जोड आणखी सैल होतो. स्क्रू आवळून भागतं का ते आधी बघा, सॉकेटातल्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर सॉकेटच बदला. आणि हीटर-गीझर इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडलेला नाही ना, हेही विचारून घ्या.

गीझर

गीझरसाठी 15 लिटर दोन माणसांना पुरतो, चौघांच्या घराला 25 घ्या. टाकीतलं 12 अंशांचं पाणी 15 लिटरच्या 2000 वॉट गीझरात 55 अंशांवर जायला 22 ते 25 मिनिटं लागतात. तुमच्याकडे सकाळी पाऊण तास लागत असेल तर लगेच मेकॅनिकला बोलावू नका, आधी व्होल्टेज बघा. सकाळी सहा ते आठ अख्खी गल्ली गीझर लावते आणि व्होल्टेज 180 पर्यंत उतरलं तर 2000 वॉटचं एलिमेंट जेमतेम 1200 वॉट देतं. अशा भागात गीझर पाचला लावून सहाला बंद करणं शहाणपणाचं. चांगल्या गीझरात पाणी तासाभरात फारसं निवत नाही.

बोअरचं पाणी येणाऱ्या घरांत क्षाराचा प्रश्न मोठा असतो. एलिमेंटवर पांढरा थर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंट आतल्या आत तापतं आणि एक दिवस जळतं. त्याआधी गीझर आवाज देतो, तापताना आत खडे उकळल्यासारखी खडखड येते. दिवाळीच्या सुमारास मेकॅनिकला बोलावून गीझर उघडून घ्या. तो एलिमेंट काढून क्षार खरवडेल, तेव्हा शेजारचा अॅनोड रॉड बघायला मागा. ही मॅग्नेशियमची कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते. झिजून निम्मी झाली असेल किंवा मधली लोखंडी सळी दिसू लागली असेल तर बदला. तिचा खर्च नव्या टाकीपुढे काहीच नाही. रबरी गॅस्केट जुनंच परत बसवू देऊ नका, दोन दिवसांत गळतं.

थंड पाण्याच्या पाइपवर बसवलेला छोटा पितळी व्हॉल्व्ह म्हणजे प्रेशर व्हॉल्व्ह. पाणी तापताना त्यातून थेंब गळणं हे त्याचं कामच आहे. गळतो म्हणून त्याला बूच मारणारे प्लंबर आहेत. असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून निरोप द्या. थर्मोस्टॅट बिघडला तर वाढलेला दाब बाहेर पडायला तीच एक वाट असते. व्हॉल्व्हला नळी जोडून ती मोरीत सोडली की प्रश्न मिटतो. गीझरनंतरची पाइपलाइन सीपीव्हीसीची हवी. साधा पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो आणि जोडावर सुटतो.

वापराचे नियम थोडे आहेत. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या भागात टाकी रिकामी झाली असेल, तर आधी गरम पाण्याचा नळ सोडून अखंड धार येऊ द्या, मगच स्विच लावा. कोरडं एलिमेंट मिनिटांत जळतं. थर्मोस्टॅट 50-55 वर ठेवा. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं आणि लहान मूल नळाखाली हात घालायला काही सेकंदच घेतं. बादलीत आधी गार पाणी, वरून गरम. आंघोळीला शिरण्यापूर्वी गीझर बंद, अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी.

पाण्यात सोडायचा रॉड हा वसतिगृहातल्या आणि एका खोलीत राहणाऱ्या मुलांचा आधार. त्याचे नियम: प्लास्टिकची बादली, रॉड पाण्यात खुणेपर्यंत बुडाल्यावरच स्विच, आणि पाणी तापलं का ते बघायला आधी स्विच बंद, मग पिन बाहेर, मग बोट. हा क्रम झोपेत उलटतो, म्हणून पिन काढून टेबलावर ठेवल्याशिवाय बादलीकडे जायचंच नाही अशी सवय लावा. मेळ्यात किंवा फुटपाथवर स्वस्तात मिळणारा बिनछाप रॉड घेऊ नका. आयएसआयची खूण बघून घ्या.

शेगडी, तसला (घमेलं) आणि गॅस गीझर

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

कोळसा, लाकूड, बुरादा (लाकडाचा भुसा), गॅस, काहीही अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे छातीत हवा जात असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, हातापायांतली शक्ती जाते. उठून दार उघडावं असं वाटेपर्यंत उठता येत नाही. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही.

ग्वाल्हेरकडे लोखंडी तसल्यात निखारे घेऊन खोलीत ठेवायची पद्धत आहे. अंगणात, ओसरीवर, गच्चीत चारचौघांनी शेकत बसायला तिच्यासारखी मजा नाही. दाराच्या आत मात्र नाही. आत नेणारे दोन युक्तिवाद करतात. पहिला, ‘धूर निघून गेलाय, आता नुसते निखारे आहेत.’ धूर नसलेले, राखेने झाकलेले निखारेच जास्त घातक असतात, कारण ते मंद जळतात आणि धुराने खोकला येऊन जाग येण्याची शक्यताही संपते. दुसरा, ‘खोलीत पाण्याची बादली ठेवलीय.’ हा वायू पाण्यात जवळपास विरघळतच नाही. बादलीने फक्त मनाचं समाधान होतं. खिडकी चार बोटं उघडी ठेवली तरी शेगडी पेटती ठेवून झोपू नका. थंडीने रात्री कुणीतरी ती खिडकी लावतंच.

गॅस गीझरचं गणितही हेच, फक्त वेळ कमी. चार बाय सहाच्या न्हाणीघरात दार-खिडकी बंद करून गीझर चालला की दहा-पंधरा मिनिटांत हवा बिघडू शकते, आणि आतला माणूस कडी लावून एकटा असतो. त्यामुळे:

– गीझर न्हाणीघराच्या बाहेर, गॅलरीत किंवा उघड्या चौकात बसवा. आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. भाड्याच्या घरात तो आतच बसवलेला असेल तर घर घेण्यापूर्वीच हलवायची अट घाला.
– ज्योत निळी हवी. पिवळी, लांबट, काजळी धरणारी ज्योत दिसली की बर्नर साफ होईपर्यंत वापर बंद.
– न्हाणीघराच्या वरच्या आणि खालच्या झडपा पुठ्ठ्याने बुजवू नका. थंडी येते म्हणून हेच पहिल्यांदा केलं जातं.
– बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीच्या आसपास लावा. धुराचा अलार्म वेगळा असतो, तो या वायूला ओळखत नाही.

घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, ताप नाही, आणि बाहेर अंगणात आलं की बरं वाटतंय, तर ते सर्दी-पडसं नाही. हाक मारल्यावर न्हाणीघरातून उत्तर आलं नाही तर दार तोडायला वेळ लावू नका. श्वास रोखून माणसाला मोकळ्या हवेत ओढा, सिलिंडर बंद करा आणि 108 किंवा 112 ला फोन करा. श्वास चालू असेल आणि माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा. तो शुद्धीवर येऊन ‘आता ठीक आहे’ म्हणाला तरी दवाखान्यात न्या, कारण परिणाम नंतरही दिसतात.

सिलिंडरबद्दल थोडंच. थंडीत सिलिंडर संपत आला की ज्योत मंदावते, कारण गार गॅसचा दाब कमी होतो. तो वाढवायला सिलिंडर गरम पाण्याच्या परातीत उभा करू नका, आडवा तर करूच नका. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. गळतीचा संशय आला की जोडावर साबणाचं पाणी, काडी नाही. गळतीसाठी मदत क्रमांक 1906.

खोली ऊबदार कशी ठेवायची

वाड्यातल्या बारा-चौदा फूट उंच छताखाली ब्लोअर लावला तर गरम हवा वर जाऊन तुळयांना ऊब देते आणि तुम्ही खाली कुडकुडत बसता. अशा खोलीत समोरून थेट अंगावर ऊब टाकणारा रॉडचा किंवा हॅलोजनचा हीटर जास्त उपयोगी. दहा फुटांच्या छताची, दार बंद होणारी छोटी खोली असेल तर ब्लोअर झटपट काम करतो. तेल भरलेला पन्हाळ्या-पन्हाळ्यांचा हीटर खोली तापवायला अर्धा-पाऊण तास घेतो, पण उघडी लाल तार नसल्याने म्हातारी माणसं आणि मुलं असतील त्या घरात तोच घ्या. खर्चाचा अंदाज: 2000 वॉटचा हीटर थर्मोस्टॅटशिवाय चार तास चालला की 8 युनिट.

पडदा, रजई, वर्तमानपत्र यांपासून तीन फूट अंतर. हीटरवर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. धुक्यात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, मोह होतो. एक्स्टेन्शन बोर्डावर 2000 वॉट चालवू नका. गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल तर आतल्या आत वितळते. आणि रजई तोंडावर येईपर्यंत हीटर चालू ठेवण्यापेक्षा झोपण्याआधी अर्धा तास चालवून बंद करणं बरं.

खरी ऊब विजेपेक्षा फटी बुजवल्याने वाढते. खिडकीच्या चौकटीला फोम टेप, दाराखाली रबरी पट्टी, फरशीवर सतरंजी. ऊन असेल त्या दिवशी अकरा ते तीन खिडक्या सताड उघडा, साडेचारला लावून पडदे ओढा. रजया दोन्ही बाजूंनी उन्हात घाला. दमट कापूस जड होतो, ऊब धरत नाही. आठवडाभर ऊन पडलं नाही तर छतावरचा सोलर हीटरही कोमटच पाणी देतो, त्याच्या टाकीतल्या विजेच्या एलिमेंटची चाचणी म्हणून नोव्हेंबरातच करा. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचं भोक मात्र बुजवायचं नाही.

गाडी: बहुतेक तक्रारी बॅटरीच्या

गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर मागतं. तीन वर्षं झालेली बॅटरी ऑक्टोबरात ठणठणीत वाटते आणि जानेवारीत पहाटे नुसती ‘टक-टक’ करते ती यामुळे. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्म्यावर, 12 च्या खाली म्हणजे कधीही दगा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर दोष अल्टरनेटरकडे आहे, नवी बॅटरी टाकून काही होणार नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर: आधी काळी (ऋण) केबल सोडा, मग लाल. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं पुसा, आधी लाल मग काळी केबल आवळा, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा.

जंपर केबलने दुसऱ्या गाडीवरून सुरू करायची असेल तर क्रम चुकवू नका. लाल केबलचं एक टोक बंद गाडीच्या धन टर्मिनलला, दुसरं चालू गाडीच्या धनला. काळी केबल चालू गाडीच्या ऋणला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीला नाही. शेवटचा जोड लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. सुरू झाल्यावर उलट क्रमाने काढा.

सकाळी सुरू करण्याची रीत: दिवे, ब्लोअर, एसी बंद. क्लच दाबून सेल्फ. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नाही, मध्ये दहा सेकंद थांबा. डिझेल गाडीत डॅशबोर्डवरची पिळाची खूण विझू द्या. सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून हळू निघा. दहा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवून इंजिनाचं भलं होत नाही. दार बंद गॅरेजमध्ये तर गाडी चालू ठेवायचीच नाही, वर सांगितलेला वायू तिथेही तोच. चालू गाडीत काचा लावून झोपणं हाही त्यातलाच प्रकार. सेल्फ मारण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा. थंडीत मांजरं आणि कुत्र्याची पिल्लं गरम इंजिनाच्या आडोशाला शिरून बसतात, आणि पट्टा फिरला की वाचत नाहीत. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही दर आठवड्याला बघा.

टायरमधली हवा दर साडेपाच अंशांना साधारण 1 पीएसआय उतरते. ऑक्टोबरात दुपारी 34 अंशांत 33 भरलेला टायर जानेवारीत 6 अंशांच्या पहाटे 28-29 दाखवेल, पंक्चर नसतानाही. पंधरा दिवसांनी, गाडी गार असताना तपासा. आकडा चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो, टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, ती भरायची नसते. नक्षी 1.6 मिमीहून कमी उरली असेल तर टायर बदला. पहाटेच्या दवात धूळ मिसळली की पुलांच्या उतारावर ब्रेक घसरतात.

कूलंट गोठण्याची भीती इथे नाही. तरी नळाचं पाणी घालू नका, क्षाराने रेडिएटर बुजतो आणि त्याचा हिशेब मे महिन्यात द्यावा लागतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, इंजिन गार असताना. तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला असेल तोच, मेकॅनिककडे शिल्लक असेल तो नाही.

दुचाकीला आणखी तीन गोष्टी. इंजेक्शनची गाडी असेल तर चावी फिरवून पंपाचा ‘झूं’ आवाज थांबू द्या, मग सेल्फ. जुनी कार्ब्युरेटरची असेल तर चोक ओढा, किकवर सुरू करा आणि मिनिटभराने चोक परत आत ढकला, नाहीतर प्लग काळा पडतो. हेल्मेटची काच पारदर्शकच हवी आणि ओरखडे पडलेली नको, धुक्यात समोरचा दिवा अशा काचेवर पसरून काहीच दिसत नाही. बोटं बधिर झाली की क्लच-ब्रेक उशिरा दाबले जातात, म्हणून हातमोजे वारा अडवणारे घ्या, लोकरीचे विणलेले चालत नाहीत.

धुकं

पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी ढगांचा पाऊस होऊन गेला, आकाश निवळलं, वारा पडला आणि आजूबाजूला गहू-मोहरीची पाणी दिलेली शेतं असली की त्या रात्री धुकं उतरणार, हे धरून चला. हवामान खात्याच्या भाषेत 200 ते 50 मीटर दिसत असेल तर दाट, 50 हून कमी असेल तर अतिदाट. बहुतेक दिवशी पहाटे चार ते आठ सगळ्यात वाईट आणि दहा-अकरापर्यंत विरळ. आग्र्याकडे जाणारा मुरेना-धोलपूरचा पट्टा, विशेषतः चंबळच्या पुलाच्या आसपासचा, आणि झाशीकडचा रस्ता, दोन्हीकडे दहाच्या आधी निघू नका. रेल्वेगाड्याही तासन् तास उशिरा येतात, तेव्हा आग्रा-दिल्लीहून पुढची गाडी किंवा विमान गाठायचं असेल तर आदल्या दिवशी जा.

वेगाचा हिशेब डोळ्यांवर सोडू नका, धुक्यात आपण आहोत त्याहून हळू चाललो आहोत असं वाटतं. कोरड्या रस्त्यावर, भान यायला दीड सेकंद धरून, 40 च्या वेगात गाडी थांबायला साधारण 27 मीटर लागतात, 60 ला 48 आणि 80 ला 74. म्हणजे 50 मीटर दिसत असताना 60 चा वेग ही अगदी काठावरची गोष्ट आहे, आणि दवाने रस्ता ओला असेल तर काठापलीकडची. समोर काय असतं? बिनदिव्याची ट्रॉली, बसलेली गाय, बंद पडलेला ट्रक. ही सगळी उभीच असतात.

दिवे डिपरवर. अपर मारला की प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून परत डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्प असतील तर लावा. चारही इंडिकेटर चालत्या गाडीत लावू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. निघण्याआधी पुढचे-मागचे दिवे ओल्या फडक्याने पुसा आणि मागे लाल परावर्तक पट्टी लावा. डाव्या कडेची रेघ धरून चाला, रेडिओ बंद, खिडकी दोन बोटं खाली, कारण धुक्यात कानाला आधी कळतं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून जाणं सोपं वाटतं, पण तो रस्ता सोडून ढाब्यात वळला तर तुम्हीही वळता, आणि तो आदळला तर तुम्हीही.

काचेवर आतून वाफ धरली तर हाताने पुसत बसू नका. एसी चालू, तापमानाचा नॉब गरमकडे, हवेचा झोत पुढच्या काचेवर आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. एसी हवेतलं बाष्प काढून टाकतो, गरम झोत काच वाळवतो. चार माणसं बसलेल्या गाडीत नुसता हीटर लावला तर वाफ पुन्हा धरते. आतून काच तेलकट असेल तर धुकटी लवकर येते, म्हणून आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने आणि कोरड्या कापडाने पुसा. बाहेरून दव साचलेल्या गार काचेवर उकळतं पाणी कधीही ओतू नका, काच तडकते.

दिसेनासं झालं तर टोलनाका, पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठून थांबा, रस्त्याच्या कडेला नाही. गाडी रस्त्यावरच बंद पडली तर चारही इंडिकेटर आता लावा, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि मग 1033 या महामार्ग मदत क्रमांकाला फोन करा. आत बसून फोन करू नका, मागून येणाऱ्याला गाडी दिसतच नाही. सामानात हे असू द्या: टॉर्च, परावर्तक जॅकेट, त्रिकोण, जंपर केबल, एक ब्लँकेट, पाणी. ढाब्यावर दोन तास काढायची वेळ आली तर गजकाचा (तीळ-गुळाच्या मिठाईचा) डबाही वाया जात नाही.

फेब्रुवारीत

महाशिवरात्रीच्या सुमारास पहाटेचा गारठा ओसरू लागतो. हीटर पिन काढून एक दिवस ठेवा, जाळीतली धूळ ब्रशने काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पहिल्यांदा लावताना जळका वास येणार नाही. फोम टेप मार्चच्या आत काढा, उन्हाने त्याचा गोंद चौकटीला कायमचा चिकटतो. जानेवारीत भरलेली टायरची हवा पुन्हा मोजा. ऊन वाढलं की ती आपोआप 3-4 पीएसआय चढलेली असते, तेवढी सोडून द्या.